मुळशीचे पाणी आणि मुंबईची लिफ्ट

शासकीय मराठीत लिफ्टला 'उद्वाहन' असा शब्द आहे. 'उद्' म्हणजे वर आणि 'वह्' म्हणजे नेणे, असा त्याचा सरळ विग्रह. संस्कृतात 'उद्वाह' म्हणजे विवाह, ही गोष्ट परिभाषा घडवणाऱ्यांच्या ध्यानात होती की नाही हे सांगता येत नाही. पण दोन्हींत एक साम्य नक्की आहे. दोन्हींत माणूस स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतो आणि दोन्हींची सुरक्षितता कोणावर सोपवलेली आहे याचा विचार सहसा आधी करत नाही. उद्वाहन हा शब्द परवान्यांवर आणि निविदांमध्ये राहिला. बोलण्यात रूढ झाली ती 'लिफ्ट', आणि तीही स्त्रीलिंगी. 'लिफ्ट आली', 'लिफ्ट बंद पडली', 'लिफ्ट अडकली' या तीन वाक्यांत आपल्या नागर जीवनाचा केवढा तरी भाग सामावलेला आहे. मात्र या यंत्राचा इतिहास मराठीत फारसा कोणी मांडलेला दिसत नाही. चाळीचा जिना आपल्या साहित्यात भरपूर आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'पासून कितीतरी लेखनात जिना, सज्जा आणि नळ ही जणू पात्रेच झाली आहेत. लिफ्टला तो मान मिळाला नाही. त्याचे एक कारण असे असावे की जिन्यावर माणसे एकमेकांना भेटतात, भांडतात, थांबतात. लिफ्टमध्ये मात्र ती मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत गप्प उभी राहतात.

प्रस्तुत लेखात लिफ्टच्या इतिहासाकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अंगाने पाहायचे आहे : लिफ्टमधल्या माणसाचा जीव सांभाळण्याची जबाबदारी आजवर कोणाकोणाकडे गेली? दोरीकडून ती ब्रेककडे गेली, ब्रेककडून लिफ्टमनकडे, लिफ्टमनकडून कायद्याकडे आणि आता ती एका चिकटवलेल्या सूचनाफलकाकडे येऊन ठेपली आहे. या प्रवासाचे एक टोक न्यूयॉर्कमध्ये आहे, मधला मोठा टप्पा मुंबईत आहे आणि आजचे टोक पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारच्या जांबे या गावात पाहता येते. मुळशीचे नाव या कथेत आरंभापासूनच आहे, हे पुढे दिसेल.

दोरीने भार वर ओढणे ही काही आधुनिक कल्पना नाही. आपल्याकडची मोट हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. जाड नाडा मोटेचा भार पेलतो, बारीक सोंदूर तिची सोंड सांभाळतो आणि बैल धावेवरून खाली उतरले की पाणी थारोळ्यात पडते. मोट हाकणाऱ्याला नाड्याची प्रत्येक झिजलेली जागा ठाऊक असे, कारण नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि उधळलेले बैल धावेच्या टोकाला. मोटेत माणूस बसत नसे, म्हणून तिथे दोरीचे ज्ञान पुरेसे होते. कारखान्यांत आणि खाणींत मात्र एकोणिसाव्या शतकात माणसे मालाबरोबर वर-खाली जाऊ लागली, आणि दोर तुटला की ती मरत. उंच वाहून नेणारी यंत्रे तेव्हा होती. त्यांच्यात बसण्याजोगा विश्वास नव्हता.

हा विश्वास निर्माण करण्याचे श्रेय एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराला दिले जाते. १८५२ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथे पलंगांच्या कारखान्यात काम करताना त्याने एक साधी युक्ती केली. गाडीला वापरतात तशी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग त्याने पाळण्याच्या माथ्यावर बसवली. दोर ताणलेला असेपर्यंत स्प्रिंग वाकलेली राही. दोर तुटला की ती सरळ होई आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी रुळांत अडकून पाळणा जागच्या जागी थांबे. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात तो स्वतः उंचावर उभा राहिला आणि लोकांसमोर दोर तोडायला लावून त्याने हे दाखवले. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरील हॉवआउट यांच्या पाच मजली दुकानात त्याच्या कंपनीची प्रवासी लिफ्ट बसली. पुढे १८८० मध्ये जर्मनीतील मानहाइमच्या प्रदर्शनात व्हेर्नर फॉन सीमेन्स यांच्या कंपनीने विजेवर चालणारी लिफ्ट दाखवली, आणि वाफेचे किंवा पाण्याच्या दाबाचे अवजड यंत्र तळघरात ठेवण्याची गरज हळूहळू संपत गेली.

ओटिसच्या युक्तीतले तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने अधिक मजबूत दोर शोधला नाही. दोर तुटणारच असे गृहीत धरून, तुटल्यानंतर काय व्हावे याची व्यवस्था त्याने केली. लिफ्टच्या सुरक्षिततेची पुढची सगळी रचना याच विचारातून वाढली. आजच्या दोरांवरच्या लिफ्टला एक दोर नसतो, अनेक पोलादी दोर असतात, आणि त्यांची ताकद प्रत्यक्ष भाराच्या कितीतरी पट राखलेली असते. यंत्रखोलीत वेगनियंत्रक असतो. पाळणा ठरलेल्या वेगापेक्षा जोरात खाली येऊ लागला तर तो रुळांना घट्ट धरणारे जबडे बसवतो. खड्ड्याच्या तळाशी धक्का शोषणारे बफर असतात. पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला प्रतिभार असतो, आणि त्याचे वजन रिकाम्या पाळण्यापेक्षा जास्त असते : पाळण्याचे वजन अधिक क्षमतेच्या साधारण निम्मा भार. यामुळे एक गोष्ट घडते जी बहुतेकांना उलटी वाटेल. यंत्राचा ब्रेक सुटला आणि लिफ्टमध्ये एखाददुसराच माणूस असला, तर ती कोसळत नाही. प्रतिभार जड असल्याने ती वर धावते.

दोर तुटून लिफ्ट कोसळणे ही आपल्या मनातली सर्वांत मोठी भीती, आणि पूर्ण बांधलेल्या इमारतीत तीच सर्वांत दुर्मिळ घटना. या संदर्भात २८ जुलै १९४५ ची हकीकत प्रसिद्ध आहे. धुक्यात वाट चुकलेले लष्करी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले. तिथे लिफ्ट चालवणारी बेटी लू ऑलिव्हर ही तरुणी त्या धडकेत जखमी झाली. तिला खाली नेण्यासाठी दुसऱ्या लिफ्टमध्ये ठेवले गेले. त्या लिफ्टचे दोर विमानाच्या धडकेने आधीच दुखावलेले होते. पाळणा सुमारे ७५ मजले खाली कोसळला आणि तरीही ती वाचली. तळाशी साठलेल्या दोरांच्या वेटोळ्यांनी आणि बोळातल्या दाबलेल्या हवेने पडण्याचा वेग कमी केला असे स्पष्टीकरण दिले जाते. लिफ्ट कोसळायला विमान आदळावे लागले, हा या हकीकतीचा अर्थ सांगितला जातो आणि तो खोटा नाही. पण त्यामुळे खरा धोका कुठे आहे याकडे दुर्लक्ष होऊ नये. तो दोरात कमी आणि दारात जास्त आहे.

मुंबईच्या लिफ्टचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणावर या दाराचा इतिहास आहे. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकाच्या अखेरीस, इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिले. आज ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. १८९६ च्या जुलैत ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली ती इथेच. देशातली पहिली वाफेवरची लिफ्टही इथेच होती असे सांगितले जाते. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या नवलाईच्या वर्णनांतही जर्मन लिफ्टचा उल्लेख हटकून येतो. ही सगळी पाहुण्यांची आणि श्रीमंतांची चैन होती. राहत्या घराची सोय म्हणून लिफ्ट मुंबईत रुजली ती पहिल्या महायुद्धानंतर, विशेषतः १९३० च्या दशकात, जेव्हा बॅक बे भरावावर आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला सिमेंट-काँक्रीटच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने ज्या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात या इमारती येतात. गोल जिना, त्याच्या मधल्या पोकळीत जाळीचा पिंजरा आणि पितळी मुठीचे ओढून लावायचे दार हे दृश्य त्या काळाचे.

ही लिफ्ट चालायची विजेवर, आणि वीज येत होती सह्याद्रीवरून. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. यांतले भिऱ्याचे केंद्र मुळशीच्या धरणावर अवलंबून होते. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांधलेल्या या धरणात मावळी शेतकऱ्यांची भाताची खाचरे आणि पन्नासच्या आसपास गावे बाधित झाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. सत्याग्रह १९२४ पर्यंत धुमसला आणि शेवटी हरला. देशावर वाहत जाणारे पाणी अडवून, बोगद्यातून आणि नळांतून कोकणात सुमारे पाचशे मीटर खाली सोडले गेले. त्या पडण्यातून निर्माण झालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या आणि दिवे चालले. त्याच विजेचा अल्पसा अंश किनाऱ्यावरच्या नव्या इमारतींतल्या पिंजऱ्यांनाही वर नेत होता. मुळशी सत्याग्रहाचा अभ्यास आपण विस्थापनाच्या इतिहासाचे पहिले पान म्हणून करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या पाण्याचे पुढे काय झाले, ते कोणाच्या घरात कोणत्या रूपाने पोहोचले, हा प्रश्नही विचारला पाहिजे. मावळ्याचे शिवार गेले तेव्हा शहरातल्या कोणाचे तरी जिने वाचले.

त्या पिंजऱ्यात एक माणूस उभा असे : लिफ्टमन. खाकी किंवा पांढरा गणवेश, छोटे स्टूल, आणि कितव्या मजल्यावर कोण राहते याची तोंडपाठ यादी. आज आपण त्याच्याकडे गतकाळातील शिष्टाचार म्हणून पाहतो, परंतु तो मुळात सुरक्षेचा भाग होता. आरंभीच्या लिफ्टमध्ये मजल्याशी पाळणा अचूक थांबवणे हे हाताचे कसब होते. शिवाय जाळीची दोन दारे असत, एक पाळण्याचे आणि एक मजल्याचे. ती दोन्ही पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये, आणि पाळणा समोर नसताना मजल्याचे दार उघडू नये, हे दोन नियम लिफ्टच्या सुरक्षेचा गाभा आहेत. यंत्राने हे नियम पाळावेत म्हणून दाराला विजेचे व यांत्रिक कुलूप असते. पण ते कुलूप झिजते, त्याची तार कोणीतरी सोयीसाठी जोडून टाकतो, आणि मग दार उघडे असतानाही लिफ्ट चालते. अशा वेळी लिफ्टमनची नजर हीच खरी कुलूप असे. जाळीतून बोट बाहेर काढणाऱ्या मुलाला तो दटावी, भरलेल्या लिफ्टमध्ये शिरू पाहणाऱ्याला 'पुढच्या फेरीला या' म्हणून थांबवी.

हे लक्षात घेतले की १९३९ च्या कायद्याचे महत्त्व कळते. मुंबई प्रांताने त्या वर्षी 'बॉम्बे लिफ्ट्स अॅक्ट' केला. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ त्याच वर्षाच्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर पायउतार झाले. त्या मंत्रिमंडळाचे दारूबंदीचे आणि कूळकायद्याचे निर्णय इतिहासाच्या पुस्तकांत आले, हा छोटा कायदा मात्र कोणाच्या स्मरणात राहिला नाही. त्याचा आशय साधा होता. लिफ्ट बसवण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यायची, चालवण्यापूर्वी परवाना घ्यायचा, निरीक्षकाला तपासणी करू द्यायची आणि अपघात झाला तर तो कळवायचा. म्हणजे खासगी इमारतीच्या आत, खासगी मालकाने बसवलेल्या यंत्रात उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी सरकारचा संबंध आहे, हे प्रथमच मान्य झाले. हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू करण्यात आला. इतर राज्यांनी आपापले कायदे करायला बराच वेळ घेतला : पश्चिम बंगालने १९५५ मध्ये, तमिळनाडूने १९९७ मध्ये, आणि उत्तर प्रदेशने थेट २०२४ मध्ये. लिफ्टच्या बाबतीत महाराष्ट्राला पंचाऐंशी वर्षांहून अधिक काळाची कायद्याची परंपरा आहे, ही गोष्ट अभिमानाची आहे आणि त्याचबरोबर अपेक्षा वाढवणारीही आहे.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेला दोन बाजूंनी तडे गेले. पहिला तडा भाडेनियंत्रणाचा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीला बांधले. भाडेकरूला छप्पर टिकवून ठेवता आले हे त्याचे यश. परंतु त्या भाड्यात लिफ्टची दुरुस्ती बसत नाही असे मालक म्हणू लागला आणि पागडी देऊन आलेला भाडेकरू ते काम मालकाचेच आहे असे म्हणत राहिला. अनेक जुन्या इमारतींत लिफ्टमनची जागा रिकामी झाली, पिंजरा वर्षानुवर्षे तळमजल्यावर कुलपात पडून राहिला, किंवा त्याहून वाईट म्हणजे तसाच चालत राहिला. दुसरा तडा मालकीहक्काच्या सदनिकांचा. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी मध्यमवर्गाला स्वतःचे घर दिले. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वाडे पडून नवी बांधकामे उभी राहण्याला जो वेग आला त्यातून पुणेरी 'सोसायटी' जन्मली. आरंभी तीन-चार मजल्यांची, बिनलिफ्टची आणि मग हळूहळू लिफ्टची. आता लिफ्टचा मालक कोणी एक शेटजी राहिला नाही, तो झाला सर्व सभासदांचा समूह. आणि ज्या वस्तूचे सगळेच मालक असतात तिच्याकडे पाहायला बहुधा कोणीच मोकळा नसतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत देखभालीच्या कंत्राटाचे तीन दर वाचले जातात आणि सर्वांत खालचा मंजूर होतो. कोण कुलूप तपासणार, कोण दोराची झीज मोजणार, हा प्रश्न इतिवृत्तात येत नाही.

याच काळात लिफ्टमनची जागा सूचनाफलकाने घेतली. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी या फलकाकडे थोडे लक्ष द्यायला हरकत नाही, कारण रोज सर्वाधिक लोकांच्या नजरेसमोरून जाणाऱ्या मराठी मजकुरांत त्याची गणना करावी लागेल. '६ व्यक्ती, ४०८ किलो', 'लहान मुलांनी एकट्याने लिफ्ट वापरू नये', 'आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये', 'दार नीट लावा'. हे सगळे कर्त्याशिवायचे गद्य आहे. कोण सांगतो आहे आणि न ऐकल्यास काय होईल, दोन्ही त्यात नाही. लिफ्टमन कारण सांगू शकत होता. फलक केवळ आज्ञा करतो. म्हणून त्या आज्ञांमागची कारणे इथे मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

सहा माणसांचे ४०८ किलो म्हणजे माणशी ६८ किलो. हा भारतीय मानकांचा हिशेब आहे; आठ जणांना ५४४, तेरा जणांना ८८४. आपल्या मनात क्षमता ही जागेची असते, 'अजून एक मावेल' अशी. फलकावरचा आकडा मात्र वजनाचा आहे, आणि त्या वजनावरच ब्रेकची पकड आणि मजल्याशी थांबण्याची अचूकता बेतलेली असते. आगीत लिफ्ट वापरू नये याची कारणे तीन : वीज कधीही जाऊ शकते, लिफ्टचा बोळ धुराला चिमणीसारखी वाट देतो, आणि बोलावलेली लिफ्ट नेमकी पेटलेल्या मजल्यावर जाऊन दार उघडू शकते. उंच इमारतींत अग्निशमन दलासाठी स्वतंत्र व्यवस्थेची लिफ्ट असते ती त्यांच्या वापरासाठी, रहिवाशांच्या पळण्यासाठी नाही. मुलांबद्दलच्या सूचनेमागे जाळीचे दार आहे. जाळीच्या फटीत बारीक हात किंवा पाय सहज जातो, आणि पाळणा हलला की त्या हाता-पायाला परत यायला जागा उरत नाही. जिथे अशी दारे अद्याप आहेत तिथे ती बदलून सलग दारे बसवणे हा खर्चाचा प्रश्न समजणे चूक आहे.

आणि लिफ्ट मध्येच अडकली तर? फलक याबद्दल बहुधा काही बोलत नाही. अडकलेल्या लिफ्टमध्ये हवा संपत नाही. पाळण्याला हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात. अडकणे म्हणजे पुष्कळदा सुरक्षेच्या यंत्रणेने आपले काम केलेले असणे. घंटा वाजवावी, आतल्या फोनवरून कळवावे आणि थांबावे. खरा धोका सुरू होतो तो सुटकेच्या घाईत. पाळणा दोन मजल्यांच्या मध्ये असताना दार ताणून उघडून माणूस वरच्या किंवा खालच्या मजल्यावर उडी मारू पाहतो, आणि पाळण्याच्या तळाखाली उघड्या राहिलेल्या बोळात घसरतो, किंवा अर्धे शरीर बाहेर असताना लिफ्ट पुन्हा चालू होते. वीजपुरवठा बंद करून प्रशिक्षित माणसाने पाळणा मजल्याशी आणावा आणि मगच दार उघडावे, हा नियम यासाठी आहे. किल्ली हाती आहे म्हणून रखवालदाराने दार उघडणे ही मदत नव्हे. आणि रोजच्या वापरासाठी एकच जुना नियम पुरतो : दार उघडले म्हणून पाऊल टाकू नये, पाळणा समोर आहे हे पाहून टाकावे. मोबाइलवर नजर ठेवून चालणाऱ्या पिढीला हे सांगायला आता कोणी लिफ्टमन उभा नाही.

आता जांबेकडे वळू. मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, मारुंजी, नेरे आणि कासारसाईच्या परिसरात वसलेले हे गाव. पवनेच्या आणि कासारसाईच्या पाण्यावर ऊस घेणारा, भातशेती करणारा हा पट्टा. सहकारी साखर कारखानाही जवळच, कासारसाई-दारुंबरे येथे. मुळशी धरणाच्या बुडिताखाली हा भाग गेला नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस शेजारी हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्यान आले आणि गेल्या दशक-दीड दशकात या गावांच्या शिवारात उंच गृहसंकुले उभी राहू लागली. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे आणि सांगवडे ही सात गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत असा प्रस्तावही पुढे आला. गाव, महानगर आणि महापालिका यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या अशा ठिकाणी लिफ्टचा प्रश्न निव्वळ यांत्रिक राहत नाही. इमारत बांधून झाली, लोक राहायला आले, पण संस्था अद्याप नोंदली गेली नाही आणि अभिहस्तांतरण तर दूरच. या मधल्या वर्षांत लिफ्टचा मालक कोण? देखभालीचे पैसे विकासक घेतो, तक्रारी रहिवाशांच्या गटात फिरतात, आणि परवान्याचा कागद कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. १९३९ च्या कायद्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने घेतली. सरकते जिने आणि सरकते पथही त्याच्या कक्षेत आले. परवान्याचे आणि तपासणीचे तत्त्व तेच राहिले. पण कायदा ज्याला 'मालक' म्हणून हाक मारतो तो ओ देणारा कोणी असावा लागतो.

जांबेसारख्या गावात लिफ्टच्या आधी आणखी एक लिफ्ट येते, ती बांधकामाची. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, उघड्या मनोऱ्यावर चढणारा तो पाळणा मजूर आणि सामान वर नेतो. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम संपवून उतरणाऱ्या कामगारांची अशीच लिफ्ट कोसळली आणि सात जण मृत्युमुखी पडले. वर म्हटले की पूर्ण झालेल्या इमारतीत लिफ्ट कोसळणे दुर्मिळ असते. तो दिलासा राहणाऱ्यांसाठी आहे, बांधणाऱ्यांसाठी नाही. ओटिसने १८५४ मध्ये जो विश्वास दाखवून दिला तो ज्यांच्या श्रमावर या इमारती उभ्या राहतात त्यांच्यापर्यंत अजून पुरता पोहोचलेला नाही.

इमारत पूर्ण झाल्यावरही उंच-नीच संपत नाही. लिफ्ट येण्यापूर्वी वरचा मजला स्वस्त असे, कारण पायऱ्या चढाव्या लागत. लिफ्टने तोच सर्वांत महाग केला. जुन्या मुंबईच्या कित्येक इमारतींच्या मागच्या अंगाला सफाई कामगारांसाठी लोखंडी गोल जिना असे. मुख्य जिन्यावर त्यांना मज्जाव होता. आजच्या संकुलांत 'घरकामगारांनी आणि सामान पोहोचवणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी' अशी पाटी दिसते, तेव्हा तो मागचा जिनाच विजेवर चालू लागल्यासारखा वाटतो. याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. सिमेंटच्या गोण्या, फर्निचर, कचरा आणि कामवाल्या बायका ज्या एका लिफ्टमध्ये कोंबल्या जातात तिचीच दारे सर्वांत आधी झिजतात, आणि तिच्या दुरुस्तीची निकड समितीला सर्वांत उशिरा वाटते. आणि ज्यांना पाटी दाखवून तिकडे वळवले जाते त्यांना सर्वसाधारण सभेत बोलण्याचा हक्क नसतो.

शंभर वर्षांपूर्वी मुळशी तालुक्याने मुंबईच्या उंचीसाठी जमीन दिली, स्वखुशीने नव्हे. आज त्याच तालुक्याच्या जमिनीवर पुण्याची उंची उभी राहते आहे. या वेळी जमीन विकत घेतली गेली, तिला भाव मिळाला, आणि मूळ शेतकऱ्यांची मुलेही त्या सदनिकांत राहायला गेली. शेजारच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात तर लिफ्टच बनवणारे कारखाने आहेत. म्हणजे यंत्र इथले, वापरणारे इथले, कायदाही आपला. एवढे सगळे जवळ असताना जी गोष्ट अजून दूर राहिली आहे ती जबाबदारीची. सेनापती बापटांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न होता : हे कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर? तो प्रश्न धरणापुरता नव्हता. लिफ्टमधल्या परवान्याच्या कागदावरची तारीख वाचणे, दार उघडे असताना लिफ्ट हलली तर ती तत्काळ बंद करायला लावणे, आणि सर्व्हिस लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणणे, ही त्या प्रश्नाची आजची, अगदी लहान आणि करता येण्याजोगी रूपे आहेत.